परदेशातून: आंगची शंभर वर्षं जुनी बोली

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर चांगलंच वाजलं आणि ते एका कार्टून सिरीजवरून. भाच्याने 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' एकदाची पूर्ण बघितली आणि शेवटचा एपिसोड संपल्या संपल्या रात्री दीड वाजता मेसेज टाकला, एवढं सगळं करून व्हिलनला जिवंत सोडला, लेखक घाबरले. दादाने त्यातल्या, चक्रं शिकवणाऱ्या गुरू पथिकच्या एपिसोडची एक क्लिप बघितली होती, तो म्हणाला, अवतार आपला, चक्रं आपली, अग्नी आपला, सगळं आपलंच उचलायचं आणि परत आपल्यालाच विकायचं. मग काकू आल्या, त्यांचं म्हणणं असं की सोळा वर्षांच्या मुलाने कार्टून बघायचंच कशाला, आणि गोष्टीच हव्या असतील तर रामायण महाभारतात काय कमी आहे. मी मध्ये पडून चार ओळी लिहिल्या की अहो हे लहान मुलांचं म्हणून सोडून देऊ नका, यात खूप आहे, तर दादाचं उत्तर आलं, "तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय."

ग्रुपवर विषय तिथेच संपला, दुसऱ्या दिवशी सगळे गुड मॉर्निंगला परत आले, पण माझ्या डोक्यातून तो गेला नाही. कारण ही सिरीज मी अमेरिकेत बसून बघितली आणि भाच्याने आणि दादाने ती घरी बसून बघितली, आणि मला हळूहळू असं वाटायला लागलंय की आम्ही एकच गोष्ट बघितलेलीच नाहीये. तेच एपिसोड, तीच माणसं, पण त्यांना जे टोचलं ते मला टोचलं नाही आणि मला जिथे रडू आलं तिथे त्यांना काहीच वाटलं नाही. म्हणून हे जरा मोठं उत्तर.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. निकलोडियन चॅनेलवर 2005 ते 2008 मध्ये ही सिरीज आली, तीन सीझन, एकूण 61 एपिसोड, करणारे दोघे अमेरिकन, मायकल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को. जगात चार राष्ट्रं आहेत, पाणी, पृथ्वी, अग्नी आणि वायू, आणि प्रत्येकात काही लोकांना ते ते तत्त्व हाताने वळवता येतं, त्याला बेंडिंग म्हणतात. चारही तत्त्वं येणारा एकच असतो, तो अवतार. या खेपेचा अवतार म्हणजे आंग नावाचा बारा वर्षांचा मुलगा, जबाबदारीला घाबरून घरातून पळतो, वादळात सापडतो आणि बर्फात शंभर वर्षं गोठून राहतो. कटारा आणि सोका ही भावंडं त्याला बाहेर काढतात तोपर्यंत अग्निराष्ट्राने युद्ध सुरू करून त्याचे सगळे लोक मारलेले असतात. वायुराष्ट्राचा तो शेवटचा.

आम्ही ती बघितली 2020 च्या मे महिन्यात, तेव्हा ती इथल्या नेटफ्लिक्सवर आली होती आणि सगळं जग घरात कोंडलेलं होतं. लेक तेव्हा आठ वर्षांची. मी स्वयंपाकघरातून कानावर पडेल तेवढंच ऐकत होते पहिले दोन एपिसोड. तिसऱ्याला येऊन बसले आणि मग उठलेच नाही. तिसऱ्या एपिसोडमध्ये आंग आपल्या मठात परत जातो, दक्षिणेच्या वायुमंदिरात. कटारा त्याला वाटेत सांगायचा प्रयत्न करते की शंभर वर्षं झाली आहेत रे, तिथे काय असेल सांगता येत नाही, पण तो ऐकतच नाही, तो नुसता सांगत सुटलाय की इथे आम्ही हा खेळ खेळायचो, इथे हे व्हायचं, आणि मग त्याला ग्यात्सोचा, त्याला वाढवणाऱ्या भिक्षूचा, सांगाडा दिसतो, आजूबाजूला अग्निराष्ट्राच्या सैनिकांची शिरस्त्राणं. लेकीने मला विचारलं, आई, म्हणजे आता त्याची भाषा कोणाशी बोलणार तो? वायुराष्ट्राची भाषा वेगळी आहे असं सिरीजमध्ये कुठेच नाहीये, सगळे एकच भाषा बोलतात, तिने ते स्वतःच्या घरातून आणलं होतं. मला तिथे बसून उत्तर देता आलं नाही.

आता दादाचा मुद्दा. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, शब्द आपलेच आहेत. पण नीट बघितलं तर गंमत अशी आहे की यातला अवतार हा आपल्या अर्थाने अवतार नाहीच. आपल्याकडे देव खाली उतरतो, धर्माला ग्लानी आली की उतरतो, काम झालं की जातो. इथे एकच आत्मा माणसाच्या पोटी पुन्हा पुन्हा जन्म घेतो, अग्नी, वायू, पाणी, पृथ्वी या क्रमाने, जग बरं चाललेलं असो की वाईट. आणि लहान आंग हाच अवतार आहे हे ओळखतात कसं तर ढीगभर खेळण्यांतून तो नेमकी आधीच्या अवतारांची चार खेळणी उचलतो. हे सरळ तिबेटमधल्या लामांची ओळख पटवण्याच्या पद्धतीवरून घेतलंय. म्हणजे शब्द संस्कृत, कल्पना तिबेटी बौद्ध, मुलाच्या कपाळावर निळा बाण, चित्रं काढली कोरियातल्या स्टुडिओंनी, आणि बेंडिंगच्या हालचाली चिनी युद्धकलांच्या, पाण्याची ताई ची, पृथ्वीची हुंग गार, आगीची उत्तर शाओलिन, वाऱ्याची बागुआ. टॉफ ही आंधळी मुलगी पृथ्वीच वळवते पण तिला बाकीच्यांपेक्षा वेगळी शैली दिलीय, दक्षिणेकडची प्रेइंग मँटिस, कारण ती पायाने जमीन ऐकते, तिचं उभं राहणंच वेगळं हवं. एवढा विचार केलेल्या माणसांना चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आणि चक्रांचा तो एपिसोड, दादा, तू क्लिपच बघितलीस, पूर्ण बघ. सात चक्रं मूलाधारापासून सहस्रारापर्यंत आपल्याच क्रमाने आहेत आणि प्रत्येकाला काय अडवतं ते सांगितलंय, पहिल्याला भीती, मग अपराधीपणा, लाज, मग दुःख, खोटेपणा, भ्रम आणि सगळ्यात शेवटी आसक्ती. चौथं, हृदयाशी असलेलं, वायूचं, तिथे आंगला त्याचे सगळे मेलेले लोक दिसतात आणि पथिक त्याला सांगतो की प्रेम जगातून जात नाही, ते नवीन रूपात परत येतं, आणि त्याला कटारा दिसते. मग सातव्याला तोच पथिक म्हणतो की आता तिचीच आसक्ती सोड. पोरगा म्हणतो तीन चक्रांपूर्वी ही चांगली गोष्ट होती ना! मला नाही आठवत की आसक्ती आणि प्रेम यातली ही अडचण मला कोणी बाराव्या वर्षी इतकी सरळ सांगितली होती. शब्द माझे होते, घरात होते, पण ते देवघराच्या फळीवर होते, कोणी काढून हातात दिले नव्हते.

पण इथे एक गोष्ट आहे जी घरून दिसत नाही. गुरू पथिक बोलतो भारतीय हेल काढून, हाडकुळा, पांढरी दाढी, कांदा आणि केळ्याचा रस पितो, विचित्र म्हातारा. माझ्या भाच्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, वाटायचं कारणच नाही, त्याच्या आजूबाजूला तसेच हेल काढून बोलणारे डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, क्रिकेटर आहेत, हजार प्रकारची माणसं आहेत, त्यात एक विचित्र म्हातारा आला तर आला. माझ्या लेकीच्या वर्गात मात्र एका मुलाने तो आवाज तिच्यासमोर काढून दाखवला, आणि तो आवाज तिच्या बाबांचा होता, तिच्या आजोबांचा होता. ती घरी येऊन दोन दिवस कोणाशी मराठीत बोलली नाही. म्हणजे बघा, एकाच पात्रावर घरी राग येतो चक्रांचा आणि इथे दुखतो तो उच्चार. चक्रं कोणीही वापरावीत, माझी संपत नाहीत, पण आमच्यासारखं बोलणारा त्या अख्ख्या सिरीजमध्ये लक्षात राहील असा तो एकच आहे.

2010 मध्ये याच्यावर सिनेमा आला तेव्हाही हेच झालं होतं. दिग्दर्शक मनोज नाईट श्यामलन, अग्निराष्ट्राच्या राजपुत्राच्या, झुकोच्या, भूमिकेत देव पटेल, घरून अभिमानाचे मेल आले की बघ आपली माणसं कुठे पोचली. इथे आशियाई वंशाचे फॅन्स निषेध करत होते, कारण मूळ सिरीजमध्ये सगळे आशियाई किंवा इन्युइट (उत्तर ध्रुवाकडचे मूळ रहिवासी) वळणाचे असताना सिनेमात आंग, कटारा, सोका हे तिघे नायक गोरे घेतले आणि सावळे चेहरे गेले अग्निराष्ट्रात, जाळपोळ करणाऱ्यांच्या बाजूला. तेव्हा लेक झालेली पण नव्हती, मी नवीन होते, मलाही वाटलं होतं की एवढं काय, कामं मिळाली ना. आता वाटत नाही. ज्या घरात आपण बहुसंख्य आहोत तिथे पडद्यावर आपला माणूस दिसणं हेच पुष्कळ असतं, आणि ज्या देशात आपण मूठभर आहोत तिथे तो कोणत्या बाजूला उभा केलाय ते मूल बघत असतं. दोन्ही खरंच आहे, पण एकाच वाक्यात दोघांशी बोलता येत नाही आणि ग्रुपवर आम्ही नेमकं तेच करतो.

आता माझा सगळ्यात आवडता एपिसोड, तिसऱ्या सीझनमधला दुसरा, 'द हेडबँड'. आंग आणि मंडळी वेश बदलून अग्निराष्ट्रात लपलेली आहेत, आंग कपाळावरचा बाण झाकायला पट्टी बांधतो आणि चुकून तिथल्या शाळेत जाऊन बसतो. त्याला वाटतं मला इथली बोली येते, कारण त्याचा लहानपणचा मित्र कुझोन इथला होता, तो रस्त्यात भेटेल त्याला मोठ्या आत्मविश्वासाने तिथलं नमस्काराचं बोलणं बोलतो, आणि लोक नुसते बघत राहतात, कारण ती बोली शंभर वर्षं जुनी आहे. सगळे इथे हसतात. मीही हसले आणि मग एकदम गप्प झाले. मी 2006 ला निघाले. माझी मराठी त्या वर्षी गोठली. मी अजून 'जाम सही', 'सॉलिड', 'कल्टी मार' असं बोलते आणि लेक मराठी शिकली ती माझ्याकडूनच, तर तीही तसंच बोलते. व्हिडिओ कॉलवर तिने भाच्याला 'जाम सही आहे' म्हटलं तर तो म्हणाला, काय आत्यासारखं बोलतेस, इथे असं कोणी बोलत नाही आता. तिचा चेहरा पडला. एवढ्या कष्टाने ती मराठी बोलली आणि कळलं काय तर ही पण जुनी निघाली.

पण तो एपिसोड तिथे थांबत नाही, हेच मला सांगायचंय. त्या शाळेत बाई शिकवतात की अग्निराष्ट्राच्या सैन्याने वायुराष्ट्राच्या सैन्याचा पराभव केला. आंग हात वर करून म्हणतो वायुराष्ट्राला सैन्यच नव्हतं. बाई म्हणतात तू तिथे शंभर वर्षांपूर्वी नव्हतास ना, मग पुस्तकात लिहिलंय ते खरं. (पाठ्यपुस्तकात कोणता इतिहास असावा याची भांडणं घरीही आहेत आणि इथे अमेरिकेतही आहेत, तेव्हा याबाबतीत कोणी कोणाकडे बोट दाखवू नये.) आणि मग मुलांशी बोलताना त्याला कळतं की यांना नाचच येत नाही, शाळेत परवानगी नाही. तर आंग गुहेत सगळ्यांना जमवून त्यांना नाच शिकवतो आणि ते नाच कुठले? त्यांच्याच देशाचे, शंभर वर्षांपूर्वीचे, जे त्यांच्या देशाने विसरून टाकलेत आणि या बाहेरच्या मुलाकडे राहिलेत. गोठलेल्या माणसाकडे जुनं सामान असतं आणि त्यातलं काही घरच्यांनी टाकून दिलेलं पण असतं. माझ्या लेकीला माझ्या आजीच्या तीन ओव्या पाठ आहेत, कारण मी इथे एकटी असताना तिला झोपवायला दुसरं काही सुचायचं नाही. भाच्याला त्यातली एकही माहीत नाही, त्याला आजूबाजूला रोज नवीन मराठी मिळते, त्याला कशाला हवी. मला तो यात कमी वाटत नाही, फक्त आमच्यापैकी कोणाकडे काय राहिलंय ते बघितलं पाहिजे.

हसण्याबद्दल पण बोलायला हवं, कारण काकूंना वाटतं कार्टून म्हणजे नुसती धडपड आणि आरडाओरडा. धडपड आहेच, कोबीवाला आहे बिचारा, जिथे जाईल तिथे त्याची गाडी उलटते आणि तो कोबीच्या नावाने टाहो फोडतो. पण खरा विनोद सोकाचा. सोका पंधरा वर्षांचा, त्याला एकट्यालाच काही बेंडिंग येत नाही, बाप युद्धावर गेलाय आणि सगळ्या गावाचं रक्षण तुझ्यावर असं या पोराला सांगून गेलाय. तो सारखा बोलतो, टोमणे मारतो, नावं ठेवतो, आणि जेवढी भीती जास्त तेवढी बडबड जास्त. सुरुवातीला तो बायकांना कमी लेखतो, लढणं पुरुषांचं काम, शिवणं बायकांचं वगैरे, आणि चौथ्याच एपिसोडमध्ये क्योशी बेटावरच्या सुकीकडून, तिथल्या लढवय्या मुलींच्या म्होरकीकडून, सपाटून मार खातो. पुढे काय होतं ते महत्त्वाचं. तो परत जातो, गुडघे टेकतो, म्हणतो मला शिकव, आणि त्यांचा पोशाख, चेहऱ्याचा रंग सगळं अंगावर घेऊन शिकतो. त्या झग्यातला सोका बघून आपण हसतोच, पण सिरीज त्याला शिकण्याबद्दल हसत नाही, आधीच्या फुशारकीबद्दल हसते. घरातल्या किती पुरुषांना माझ्या पिढीत कोणी असं हसून सुधारलं असतं तर बरं झालं असतं.

आणि टॉफ. तिच्या आंधळेपणावर विनोद आहेत आणि सगळे तिने स्वतः केलेले आहेत. बाकीचे विसरतात की तिला दिसत नाही, तिच्यासमोर कागद धरतात, आणि ती त्यांना सुनावते. आईबापांनी तिला इतकं जपलं, इतकं लपवलं की गावात अशी मुलगी आहे हेच कोणाला माहीत नव्हतं, आणि ती रात्री कुस्तीच्या आखाड्यात जाऊन मोठमोठ्या पहिलवानांना लोळवत होती. शेवटाकडे एक एपिसोड आहे, ही मंडळी स्वतःवरचंच एक भिकार नाटक बघायला जातात, प्रत्येकाला आपलं पात्र बघून राग येतो, एकट्या टॉफचं काम एका धिप्पाड पुरुषाला दिलंय आणि ती खूश होऊन टाळ्या वाजवते.

विनोद किती मोजून मापून केलाय याचं एक उदाहरण देते. सोकाची पहिली मैत्रीण युए, ती जगाला वाचवायला चंद्र होते, पहिल्या सीझनच्या शेवटी, रडवणारा प्रसंग. खूप पुढे सोका आणि झुको एकत्र प्रवास करतायत, दोघांनाही बोलायला सुचत नाहीये, सोका एवढंच सांगतो की माझी पहिली मैत्रीण चंद्र झाली. झुको थोडा वेळ गप्प बसतो आणि मग म्हणतो, कठीण आहे रे. बस. मी ते बघताना इतकी हसले की पाणी आलं डोळ्यांतून. त्यात झुको कसा आहे ते सगळं आलं, त्याला सांत्वन करता येत नाही कारण त्याचं कोणी केलेलं नाही, फक्त काका सोडून.

झुको. यावरच मला दादाला उत्तर द्यायचंय, कारण "तिकडे बसून बोलायला काय जातंय" हे मला लागलं. झुको अग्निराष्ट्राचा राजपुत्र, तेरा वर्षांचा असताना युद्धाच्या बैठकीत एका सेनापतीला विरोध करतो, आणि शिक्षा म्हणून बाप ओझाई स्वतः त्याचा चेहरा जाळतो आणि देशाबाहेर हाकलतो, अवतार सापडला तरच परत ये. मग तो तीन वर्षं जहाजावर, पुढे काका आयरोबरोबर पृथ्वीराष्ट्रात निर्वासित म्हणून, भुकेला, नाव बदलून, बा सिंग से शहरात चहाच्या दुकानात वाढपी. तिथे तो बघतो की आपल्या देशाने दुसऱ्यांचं काय केलंय. तिसऱ्या सीझनला तो घरी पोचतो, बाप जवळ करतो, जे हवं होतं ते सगळं मिळतं आणि तो चिडचिडा, अस्वस्थ, त्याला कळतच नाही का. पहिल्यांदा सुट्टीत घरी गेले तेव्हा मला असंच झालं होतं. सगळे भेटत होते, सगळं तसंच होतं आणि मी मात्र रात्री जागी.

आणि मग सूर्यग्रहणाच्या दिवशी तो बापासमोर उभा राहून सांगतो की आम्हाला लहानपणापासून शिकवलं की आपला देश सगळ्यात थोर आणि युद्ध म्हणजे आपलं थोरपण जगाला वाटणं, हे खोटं आहे, जग आपल्याला घाबरतं. बाहेर राहिला नसता तर त्याला हे दिसलंच नसतं, त्याच्या बहिणीला, अझुलाला, ती त्याच्यापेक्षा कितीतरी हुशार असून दिसत नाही. पण दादा, इथे तू बरोबर आहेस. झुको ते दुरून पत्र लिहून सांगत नाही. तो राजवाड्यात जातो, ज्याने चेहरा जाळला त्याच्या समोर सांगतो, आणि त्यानंतर ज्या आंगला पकडायला तो फिरत होता त्याच्याकडे जाऊन, झालं गेलं कबूल करून, मदत करतो. मी इथून चार ओळी टाइप करते आणि तिथलं वीजबिल, रस्ते, शाळा, निवडणूक सगळं तू भोगतोस. तेव्हा बाहेरून दिसतं हे खरं आणि बाहेरून बोलणं स्वस्त आहे हेही खरं. मी बोलणं बंद करणार नाही, पण किंमत कोण देतंय ते लक्षात ठेवून बोलेन. आणि हेही लक्षात ठेवेन की मी ज्या देशात राहते त्या देशालाही आपण थोर आहोत आणि जगाला ते वाटतोय असं फार वाटतं, ते इथे उठून बोलायला मी किती वेळा गेले?

आता भाच्याचा प्रश्न, लेखक घाबरले का. तुझा मुद्दा मी हलका घेत नाही. शेवटच्या लढाईआधी आंग आपल्या आधीच्या अवतारांना विचारतो, ओझाईला न मारता काही मार्ग आहे का. एकेक करून सगळे त्याला ठाम राहा, निर्णय घे, न्याय कर असंच सांगतात. शेवटी तो यांगचेनला विचारतो, ती त्याच्यासारखीच वायुराष्ट्राची, तिला तरी कळेल, पण तीसुद्धा सांगते की स्वतःच्या मुक्तीपेक्षा जगाचं कर्तव्य मोठं. आपल्या कोणालाही इथे रथ आणि दोन सैन्यं दिसणारच. आणि एवढं ऐकून तो नाहीच मारत, मोठ्या सिंहकासवाने दिलेल्या विद्येने ओझाईचं बेंडिंग काढून घेतो. ते कासव आयत्या वेळी येतं हे मला मान्य आहे, दुसऱ्या सीझनमध्ये ग्रंथालयात एका चित्रात दिसतं, बाकी जवळपास काहीच नाही, त्यावर एवढा मोठा शेवट उभा करणं कच्चं आहे.

पण त्याने न मारणं कच्चं नाहीये. वायुराष्ट्राची हजारो माणसं जिवंत असती आणि त्यातल्या एकाने व्रत मोडलं असतं तर व्रत राहिलं असतं, बाकीच्यांकडे. यांगचेनला ते परवडलं कारण तिच्यामागे चार मठ भरलेले होते. आंगच्या मागे कोणी नाही. जीव घ्यायचा नाही ही ग्यात्सोची शिकवण आता जगात फक्त या एका बारा वर्षांच्या मुलाच्या वागण्यात शिल्लक आहे, त्याने मारलं की ओझाईबरोबर तीही गेली, मग अग्निराष्ट्राचा तेव्हाचा राजा सोझिन याने जे काम शंभर वर्षांपूर्वी सुरू केलं ते आंगनेच पूर्ण केलं असं झालं असतं. मला हे इथे राहून कळलं. घरी कोणी अर्धं वाक्य इंग्रजीत बोललं तर मराठीला काही होत नाही, कोट्यवधी लोक आहेत बोलायला, म्हणून तिथल्या भाषेच्या भांडणात लोक एकमेकांवर एवढे का तुटून पडतात ते मला कधी कधी कळत नाही. पण या घरात मी एक दिवस कंटाळून मराठी बंद केली तर लेकीपुरती ती त्या दिवशी संपली. मी दमून आले तरी मला ती सूट नाही. आंगचा हट्ट मला तत्त्वज्ञान वाटतच नाही, मला तो कळतो.

काकूंना माझं एवढंच म्हणणं आहे की रामायण महाभारत आहेच, मी ते सांगतेच, आणि या सिरीजमुळे लेकीने मला पहिल्यांदा आपणहून विचारलं की अर्जुनाने लढायला नाही का म्हटलं होतं आणि मग हो का म्हटलं. त्या रात्री आम्ही साडेअकरापर्यंत बोलत होतो.

मला अजून एक एपिसोड राहिलाय सांगायचा, 'द नॉर्दर्न एअर टेंपल'. आंगला कळतं की उत्तरेच्या मठात माणसं उडताना दिसतात, त्याला वाटतं माझे लोक जिवंत आहेत, धावत जातो, तर तिथे पुराने घर गेलेले निर्वासित राहतायत, यंत्राच्या पंखांवर उडतायत, भिंतीवरच्या जुन्या चित्रांतून पाइप घातलेत, मूर्ती तोडून न्हाणीघर करायला निघालेत. तो संतापतो, तो राग मी ओळखते, मी सुट्टीत आल्यावर प्रत्येक बदललेल्या गोष्टीबद्दल कुरकुर करते आणि दादा म्हणतो, मग तू थांबायचंस ना इथे. पण शेवटी आंग त्यांना सांगतो की तुम्ही रिकाम्या शंखात राहायला आलेल्या खेकड्यासारखे आहात, जन्म इथला नसेल पण घर इथलं केलंत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी फक्त आंगच्या बाजूने होते. दुसऱ्यांदा बघताना लक्षात आलं की दुसऱ्याच्या शंखात राहायला गेलेली तर मी आहे, आणि शंख मोकळा करून गेलेली पण मीच.

आता आम्ही दर रविवारी व्हिडिओ कॉल लावून एकत्र बघतोय, इकडे सकाळ, तिकडे संध्याकाळ, लेक आणि भाचा दोघांनाही सगळं पाठ आहे तरी. तीन रविवारपासून दादाही बसतो, मोबाइल बघत बसल्यासारखं करतो पण सोका बोलला की हसतो, ऐकू येतं मला. या रविवारी सतरावा एपिसोड आहे, उत्तरेच्या मठाचा. त्याला मधलं सगळं सोडून थेट चक्रांचा बघायचाय, लेकीने सांगितलंय मामा तो अजून बावीस एपिसोड लांब आहे आणि मध्ये टॉफ येते, सोडायचं नाही काही.